उन्हाळी थाट आणि चुलीचा हिशेब

गेल्या आठवड्यात पुण्याहून आलेल्या माझ्या भाचीने मे महिन्यातल्या एका शनिवारी, दुपारी चार वाजता, आमच्या सांगलीच्या विश्रामबागेतल्या घराच्या गच्चीवर ‘समर पार्टी’ करण्याचा बेत मांडला. तिने मोबाइलवरची चित्रेही दाखवली. फिकट रंगांचे लिननचे झगे, हिरवळीवर अंथरलेली चादर, बेरी घातलेला घरगुती केक आणि काचेच्या उंच बरण्यांत बर्फासह भरलेली रंगीत पेये, असा सगळा देखावा होता. चित्रे सुंदर होती, यात वाद नाही. पण ती ज्या देशांतली होती तिथला माणूस वर्षातले कितीतरी महिने उन्हाची वाट पाहतो आणि जूनमध्ये ते मिळाले की अंगावर घ्यायला बाहेर धावतो. सांगलीत एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या आसपास असतो. त्या दिवसांत दुपारी चारला सिमेंटच्या गच्चीवर चादर अंथरली, तर तिच्यावर कुरडया उत्तम वाळतील; पाहुणे मात्र पाच मिनिटांत जिन्याकडे पळतील.

मी तिला एवढेच विचारले, “केक कोण भाजणार आणि कधी?”

“मावशी, ओव्हन आहे ना! चाळीस मिनिटांचा तर प्रश्न.”

या चाळीस मिनिटांविषयीच मला लिहायचे आहे. पंधराशे वॅटचा ओव्हन चाळीस मिनिटे सलग तापला तर एक युनिट वीज जाते, आणि ती सगळी वीज अखेर उष्णता होऊन स्वयंपाकघरातच राहते. वरचा पंखा ती उष्णता बाहेर काढत नाही, फक्त फिरवतो. दोन वर्षांपूर्वी नातवाच्या वाढदिवसाला मी हा उद्योग दुपारी दोन वाजता केला होता. विसाव्या मिनिटाला वीज गेली. केकमधला वायू निसटला, त्याला धरून ठेवणारे पीठ अजून घट्ट झालेले नव्हते, त्यामुळे केक मधोमध बसला आणि पाठोपाठ मीही ओल्या पंचाने डोके पुसत जमिनीवर बसले. तेव्हापासून उन्हाळ्यातल्या कोणत्याही थाटाला मी एकच प्रश्न विचारते: यासाठी विस्तवापुढे कोण उभे राहिले, किती वेळ आणि दिवसाच्या कोणत्या प्रहरी? हे उत्तर बहुतेक वेळा फोटोत दिसत नाही, कारण उत्तर असलेली बाई तेव्हा तोंड धुवायला गेलेली असते.

या कसोटीला पुरेपूर उतरणारी उन्हाळी मेजवानी मला आपल्याच घरांत सापडते, आणि ती म्हणजे चैत्रातले हळदीकुंकू. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत चैत्रगौर बसलेली असते आणि त्या महिन्यातली एखादी संध्याकाळ धरून बायका बोलावल्या जातात. आता त्यातले पदार्थ पाहा. आंब्याच्या डाळीसाठी हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवायची, भरड वाटायची, त्यात कैरीचा कीस मिसळायचा आणि वरून फोडणी द्यायची. विस्तवाशी संबंध दोन मिनिटांचा. पन्ह्याच्या कैऱ्या सकाळच्या वरणभाताच्या कुकरमध्येच उकडून होतात. ओटीचे हरभरे नुसते भिजवलेले. कलिंगड कोरून मांडायचे, हातावर अत्तर, केसांत मोगऱ्याचा गजरा, आणि येण्याची वेळ उन्हे कलल्यानंतरची. ज्या कोणी पहिल्यांदा हे सारे जुळवले तिला स्वयंपाकघर किती तापते हे नेमके ठाऊक होते, अशी माझी खात्री आहे. या समारंभातला एक दोष मात्र मी मुकाट्याने सोसणार नाही. विधवा बायकांना वगळण्याची रीत आमच्या घरात माझ्या सासूबाईंनीच मोडली आणि तेव्हापासून आमच्याकडे पन्हे सर्वांना असते, पुरुषांनाही.

पन्ह्याविषयी थोडे सविस्तर सांगते, कारण हॉटेलांत मिळणारे हिरव्या रंगाचे पन्हे पिऊन पुष्कळांचा गैरसमज झालेला आहे. वाटीभर गराला दीड ते दोन वाट्या गूळ, कैरी किती आंबट आहे त्यावर. गूळ गर कोमट असतानाच कुस्करून घालावा म्हणजे वेगळा पाक करावा लागत नाही. वेलची, चार काड्या केशर आणि न विसरता मीठ. हे दाट मिश्रण बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवावे आणि पाहुणा आला की चौपट पाणी घालून द्यावे. मिठाचा आग्रह केवळ चवीसाठी नाही. घामाबरोबर पाण्यासारखेच मीठही जाते आणि नुसते पाणी ते भरून काढत नाही. जुलाबावर घरच्या घरी करायच्या साखर-मिठाच्या पाण्याचे प्रमाण एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ असे सांगितले जाते. आपले साधे लिंबू सरबत त्याच जातकुळीतले आहे. मात्र पन्हे म्हणजे औषध, असे मी म्हणणार नाही. बाटलीतल्या शीतपेयात दर १०० मिलिलिटरला १० ते ११ ग्रॅम साखर असते म्हणून आपण नाके मुरडतो, आणि गुळाच्या पन्ह्याचे दोन पेले रिचवताना तो हिशेब सोयीने विसरतो. पन्हे पाहुण्यांचे, रोजचे पेय ताकच. त्यात ठेचलेले आले, जिरेपूड, कोथिंबीर आणि मीठ एवढेच पुरे आहे. जोंधळ्याचे पीठ रात्रभर ताकात भिजवून, सकाळी उन्हे चढण्यापूर्वी शिजवून, गार करून दुपारी प्यायची आंबीलही शेतावर जाणाऱ्या माणसांनी उगाच टिकवलेली नाही. तिचा विस्तव सकाळी आणि गारवा दुपारी, अशी तिची वाटणी आहे.

रसवंतीसमोर माझी कसोटी हरते, कारण उसाच्या जिल्ह्यात राहून घुंगरांचा आवाज ऐकल्यावर पुढे चालत जाणे मला जमलेले नाही. आले-लिंबू घालून, बर्फाशिवाय. बर्फ कोणत्या पाण्याचा आहे हे रसवाल्यालाही नेहमी ठाऊक नसते.

बर्फाची गरज तशी एप्रिलपर्यंत भासतही नाही, कारण तोवर माठ आपले काम चोख करतो. मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपते, बाहेरच्या कोरड्या हवेत त्याची वाफ होते आणि त्या वाफेला लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून घेतली जाते. वळवाचे पाऊस सुरू झाले, हवा दमट झाली, की तोच माठ तितके गार पाणी देत नाही. अंगावरच्या घामाचीही हीच गत होते, म्हणून मेच्या अखेरीस पारा उतरलेला असूनही जीव जास्त कासावीस होतो. कपड्यांची निवड मी याच हिशेबाने करते. घाम टिपून त्याची वाफ होऊ देणारे सैल, विरळ विणीचे सुती कापड म्हणजे अंगावरचा माठ. पॉलिस्टर म्हणजे स्टीलची कळशी. भाचीच्या चित्रांतले लिनन उत्तमच, पण ते जवसाच्या वाखाचे कापड आहे आणि आपल्याकडे जवस मुख्यतः चटणीत जातो. तासाभराच्या अंतरावर इचलकरंजी आहे, जिल्ह्यातच विटा आहे. मागांच्या इतक्या जवळ राहून केंब्रिक आणि मलमल सोडून दूरच्या लिननपायी चारपट पैसे मोजण्याची हौस मला कळत नाही. स्वयंपाकघरात तर कृत्रिम धाग्याचे गाऊन घालूच नयेत, कारण ठिणगी पडली तर ते वितळून कातडीला चिकटतात. केक करताना मी यजमानांचा जुना सुती सदरा घालते. तो फोटोत चांगला दिसत नाही, हे मान्य.

आता बेकिंग. सांगली जिल्ह्यातले सर्वांत मोठे बेकिंग खरे तर ओव्हनशिवाय होते. तासगाव आणि कवठेमहांकाळ भागात द्राक्षे द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळीच्या रॅकवर पसरतात आणि उन्हाळ्याची कोरडी गरम हवा पंधरवड्याच्या आसपास त्यांचा बेदाणा करते. साधारण चार किलो द्राक्षांतून एक किलो. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि तरीही आमच्या घरांतल्या केकवर डब्यातल्या परदेशी बेरी हव्या असतात. बेदाणा तासभर कोमट पाण्यात भिजवून, पुसून, पिठात घोळवून घातला तर तो तळाशी बसत नाही आणि त्याची आंबटगोड चव केकला पुरून उरते.

घरी करायचाच असेल तर मी रव्याचा केक पहाटे साडेपाचला करते. एक वाटी बारीक रवा, अर्धी वाटी साखर, अर्धी वाटी दही, अर्धी वाटी आमरस, पाव वाटी तेल. हे कालवून वीस मिनिटे ठेवायचे म्हणजे रवा फुगतो. अर्धा चमचा खाण्याचा सोडा मात्र अगदी शेवटी, कारण दह्यातल्या आंबटाशी गाठ पडताच त्याचा वायू सुटू लागतो आणि या दिवसांत तो अधिकच घाई करतो. कुकरच्या तळाशी मीठ पसरून, त्यावर जाळी ठेवून, झाकणाची रबरी रिंग आणि शिट्टी काढून मंद आचेवर पस्तीस-चाळीस मिनिटे. सव्वासातच्या आत गॅस बंद होतो, ऊन अजून तापलेले नसते. आमरस पायरीचा वापरावा. हापूसचा सुगंध भाजण्यात उडून जातो आणि त्या भावाचा आंबा केवळ गोडी आणि रंगापुरता वाया घालवणे मला गुन्हाच वाटते.

मात्र नानकटाईच्या बाबतीत मी घरच्या ओव्हनवर पूर्ण काट मारली आहे. मेमध्ये तूप पातळ असते, गोळे पत्र्यावर ठेवताच पसरतात आणि फ्रिजमध्ये पीठ गार करत एकामागून एक घाणे काढताना सकाळ संपते. आमच्या लहानपणी सुट्टी लागली की आई मैदा, रवा, पिठीसाखर आणि तूप घेऊन बेकरीत जायची. तिथला कारागीर लाकडी काठवटीत तूप पांढरे होईपर्यंत फेसायचा, आम्ही मुले गोळ्यांवर अंगठा दाबायचो आणि दुपारपर्यंत पत्र्याचा मोठा डबा भरून, अजून गरम असलेली नानकटाई सायकलवरून घरी यायची. भट्टी त्यांची पेटलेलीच असे. आमच्या दहा पत्र्यांसाठी वेगळी पेटवावी लागत नसे. बाजारातल्या पुड्यांनी ही रीत मागे सारली, आणि मला वाटते की ती परत आणण्याइतकी शहाणी आहे.

यावर माझ्या मुलाने घेतलेला आक्षेप मी टाळणार नाही. तो म्हणाला, “आई, तुझ्या स्वयंपाकघरातली उष्णता तू त्या भट्टीवाल्याच्या अंगावर ढकलतेस.” हे काही अंशी खरे आहे. पेटलेल्या भट्टीत आणखी दहा पत्रे गेल्याने तापमान वाढत नाही, पण त्याचा तिथे उभे राहण्याचा वेळ नक्की वाढतो. म्हणून गावभागातल्या ज्या बेकरीने मला होकार दिला आहे, तिथे मी पहाटेच्या पावांनंतर, उतरत्या भट्टीवर, सकाळी सात वाजता जाते आणि मजुरीत घासाघीस करत नाही. एवढ्याने आक्षेप पूर्ण मिटतो असे नाही.

भाचीची पार्टी ठरली आहे. शनिवारीच, पण संध्याकाळी सहानंतर, गच्चीवर दोनदा पाणी मारून झाल्यावर. केक पहाटेचा, पन्हे बरणीतले, डाळ भिजवलेली, आणि तिने स्वतःसाठी मलमलीचा पांढरा कुर्ता घेतला आहे. त्याच सकाळी मी भट्टीवर जाणार असल्याने, विश्रामबागेतल्या ज्या मैत्रिणींना आपली नानकटाई भाजून हवी असेल त्यांनी शुक्रवारी रात्री आठपर्यंत मैदा, रवा आणि पिठीसाखर माझ्याकडे आणून द्यावी. तूप घरचे असावे, डब्यावर नाव घालावे आणि रिकामा डबा वेगळा द्यावा. मागच्या खेपेला दोघींची नानकटाई माझ्याच पातेल्यांतून गेली आणि त्यातले एक पातेले अजून परत आलेले नाही.