काहिलीतून पाणी उडतं, साखर नाही

गुऱ्हाळं पेटली की एक मेसेज दरवर्षी नव्यानं फिरतो. त्यातला मजकूर असा: 'शुगरवाल्यांनो, साखर सोडा, आपला कोल्हापुरी गूळ बिनधास्त खा. नैसर्गिक आहे, लोह भरपूर आहे, केमिकलविरहित घेतला तर शुगर वाढत नाही. भात बंद, भाकरी हवी तेवढी. रस्सा-मटणाला बंदी नाही. रोज कारल्याचा रस घ्या, गोळ्याही सुटतील.' पथ्याला कंटाळलेल्या माणसाला हे वाचून बरं वाटणारच, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

'गूळ नैसर्गिक आहे, म्हणून शुगर वाढत नाही.' उसाच्या रसात साखर आधीपासूनच असते. काहिलीत, म्हणजे गुऱ्हाळातल्या मोठ्या कढईत, रस आटतो तेव्हा मळी वर येते, ती काढली जाते, आणि पाणी वाफ होऊन जातं. साखर काहिलीतच राहते. म्हणून 100 ग्रॅम गुळात साधारण 85 ते 90 ग्रॅम साखरच असते. त्यातली बरीचशी आपली नेहमीची, म्हणजे सुक्रोज, आणि थोडी आधीच फुटलेली, म्हणजे ग्लुकोज व फ्रुक्टोज. सुपारीएवढा खडा सुमारे 10 ग्रॅमचा. त्यातून पोटात गेली जवळपास 9 ग्रॅम साखर. पांढरी साखर 10 ग्रॅम खाल्ली असती तर 10 गेली असती. सगळा फरक एवढाच.

खरा घोटाळा चहात होतो. साखरेचा चहा कमी करणारा माणूस गुळाचा चहा मात्र चार वेळा घेतो, 'आपल्याला चालतोय की' म्हणत. कपाला 10 ग्रॅम धरला तरी दिवसाला 40 ग्रॅम गूळ झाला. काकवीचंही तसंच, ती तर पातळ गूळच. आणि उसाच्या रसाच्या मोठ्या ग्लासात 30 ग्रॅम किंवा त्याहून जास्त साखर असते, लिंबू-आलं घातल्यानं ती कमी होत नाही.

'केमिकलविरहित गूळ चालतो.' रंग उजळ यावा म्हणून काही ठिकाणी हायड्रॉस पावडर टाकतात. ती नको हे बरोबरच, रानभेंडीच्या चिकावर मळी काढलेला गूळ घेतलेला केव्हाही चांगला. पण हा प्रश्न भेसळीचा आणि रंगाचा. पावडर टाळली म्हणून साखर टळत नाही. काळपट गूळ 'औषधी' असतो हाही समजच. क्षारपड जमिनीतल्या उसाचा गूळही काळपट आणि खारट उतरतो.

'लोह मिळतं.' मिळतं, पण 10 ग्रॅममधून फार तर एक मिलिग्रॅम. बाईमाणसाची दिवसाची गरज 29 मिलिग्रॅम सांगितली आहे. लोहासाठी गूळ वाढवायचा तर आधी शुगर वाढेल.

'मी खाल्ला, माझी शुगर नॉर्मल आली.' बहुतेक वेळा ही सकाळची उपाशीपोटीची तपासणी असते. आदल्या दुपारच्या गुळाचा परिणाम तोवर बहुधा ओसरलेला असतो. पाहायचंच असेल तर एक दिवस नेहमीचा नाश्ता, दुसऱ्या दिवशी तोच नाश्ता अधिक गुळाचा चहा, आणि दोन्ही दिवशी पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी ग्लुकोमीटर. बहुतेकांना तो आकडा 180 च्या खाली ठेवायला सांगतात. बोट साबणानं धुऊन कोरडं करा. गुळानं चिकट झालेल्या बोटावर रीडिंग खोटंच वर जातं, मग माणूस मशीनला नावं ठेवतो.

'भात बंद, भाकरी हवी तेवढी.' आपल्याकडची हातावरची मोठी भाकरी 75 ग्रॅम पिठाची तरी असते. तिच्यात सुमारे 50 ग्रॅम कर्बोदकं. शिजलेल्या भाताच्या 150 ग्रॅमच्या वाटीत 40 च्या थोडी वर. ज्वारीला तंतू जास्त, चावायला वेळ लागतो, शुगर थोडी सावकाश चढते. हा फायदा एका भाकरीला आहे, तीन भाकऱ्यांवर उरत नाही. भात सोडवत नसेल तर एक भाकरी कमी करून एक वाटी भात घ्या. त्याआधी कोशिंबीर, पालेभाजी, मटकीची उसळ संपवा. क्रम बदलला तरी दोन तासांनंतरच्या आकड्यात फरक पडतो.

रस्सा-मटणाचा मुद्दा अर्धा खरा. मटणात कर्बोदकं जवळपास नाहीत, पांढऱ्या रश्श्यात थोडी. पण तांबड्यात भाकरी कुस्करायला घेतली की तिसरी कधी संपली कळत नाही. त्यात वरची तर्री आणि मीठ. मूत्रपिंडावर परिणाम झालेला असेल तर मटण आणि मीठ किती, हे डॉक्टरांनीच ठरवायचं.

बेंदराच्या पुरणपोळीचं काय? एका मध्यम पोळीत गूळ, डाळ आणि पीठ मिळून साधारण 60 ग्रॅम कर्बोदकं धरा, म्हणजे भाकरीपेक्षा जास्तच. तर एक पोळी घ्या आणि त्या जेवणातला भात, कुरडई, गुळवणी सोडा. सोबत कटाची आमटी, भाजी. जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं चाला. पोट भरल्यावर 'थोडीशी' म्हणून घेतलेली पोळीच जास्त नडते, कारण ती जेवणाऐवजी येत नाही, जेवणावर येते.

कारल्याचा रस, मेथीचं पाणी, जांभळाच्या बिया: आवडत असतील तर घ्या, डॉक्टरांना सांगून. त्यांच्या भरवशावर गोळ्या सोडू नका. आणि इन्सुलिन सुरू असताना कुणी मनानं सोडलं तर काही दिवसांत रुग्णालय गाठावं लागू शकतं.

उलटी चूकही होते. 'आज जेवलोच नाही' म्हणत शुगर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी मात्र घेतली, किंवा इन्सुलिन टोचून रानात भांगलायला गेलं, की थरथर, घाम, डोळ्यांपुढे अंधारी. आकडा 70 च्या खाली असेल तर तेव्हा 15 ग्रॅम साखर हवीच, म्हणजे चहाचे तीन ते चार चमचे, पाण्यात विरघळवून. खिशातला गुळाचा खडा इथंही कमी पडतो, तो विरघळायला वेळ लागतो. शिवाय व्होग्लिबोज किंवा अकार्बोज या शुगरच्या गोळ्या घेणाऱ्यांत सुक्रोज फोडण्याचं काम त्या गोळीनंच अडवलेलं असतं, म्हणून साखर आणि गूळ दोन्ही उशिरा लागू पडतात. त्यांनी मेडिकलमधली ग्लुकोज पावडरच जवळ ठेवावी. 15 मिनिटांनी पुन्हा तपासा, आकडा वर आला नसेल तर पुन्हा तेवढीच घ्या, आणि सावरल्यावर अर्धी भाकरी खा. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखान्यात न्या.