डॉक्टर दुर्गम भागात का टिकत नाहीत: एका लोकप्रिय संदेशाचा प्रतिवाद

वैद्यकीय शिक्षणाचा विषय निघाला की एक संदेश हमखास पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा : महाविद्यालयांतील जागा वाढवा, पदवीनंतर दुर्गम भागातील सेवेचा बॉण्ड (म्हणजे ठरावीक काळ सेवा न दिल्यास दंड भरण्याचा करार) सक्तीचा करा आणि तिथल्या मुलांना प्रवेशात प्राधान्य देणे थांबवा, कारण त्याने दर्जा घसरतो, एवढे केले की प्रत्येक वस्तीला डॉक्टर मिळेल.

‘जागा वाढवा.’ जिथे डॉक्टरच अपुरे आहेत तिथे जागा वाढवाव्याच लागतील. परंतु शहरात डॉक्टरांची गर्दी झाली म्हणून ते आपोआप खेड्याकडे सरकत नाहीत. ज्या विद्यार्थ्याने पाच-सहा वर्षे मोठ्या रुग्णालयात काढली, जिथे शंका आली की सीटी स्कॅन होतो आणि रात्री अडचण आली की वरिष्ठ येतात, त्याला अडलेली बाळंतीण एकट्याने सांभाळण्याची भीती वाटणे स्वाभाविक आहे. त्याला हाव आहे असे म्हणणे सोपे. त्याला त्या कामासाठी कोणी घडवलेच नाही, हे मान्य करणे संस्थांना जड जाते.

‘बॉण्ड सक्तीचा करा.’ सक्तीने खुर्ची भरते, हे खरे. पण मुदत संपताच ती रिकामी होते, दरवर्षी नवा चेहरा येतो आणि मधुमेहाच्या रुग्णाला आपली कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते. जपानमधील जिची वैद्यकीय विद्यापीठाचे उदाहरण सक्तीच्या बाजूने दिले जाते. १९७२ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे पदवीधर शुल्कमाफीच्या बदल्यात शिक्षणाच्या दीडपट काळ, म्हणजे साधारण ९ वर्षे, आपल्या प्रांतात सेवा देतात आणि बहुतांश जण ती पूर्णही करतात. मात्र तिथे प्रत्येक प्रांतातून मोजकेच विद्यार्थी याच कामासाठी निवडले जातात. निवड वगळून केवळ बॉण्ड उचलला तर हाती फक्त दंडाची रक्कम लागण्याची शक्यता जास्त. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या शिफारशींनीही सक्तीच्या सेवेला पाठबळ आणि प्रोत्साहनाची जोड हवी असे म्हटले आहे.

‘प्राधान्याने दर्जा घसरतो.’ संदेशातला हा सर्वांत ठाम आणि सर्वांत कच्चा भाग. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या फिलाडेल्फिया शहरातील जेफर्सन वैद्यकीय महाविद्यालयाने १९७४ पासून ग्रामीण पार्श्वभूमी असलेल्या आणि ग्रामीण कुटुंबवैद्यक (फॅमिली डॉक्टर) होण्याची इच्छा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी वेगळा प्रवेशमार्ग ठेवला. पेनसिल्व्हेनियातील सातही वैद्यकीय महाविद्यालयांच्या पदवीधरांत या उपक्रमाचे विद्यार्थी जेमतेम १ टक्का होते. तरी त्याच महाविद्यालयांतून शिकून राज्याच्या ग्रामीण भागात काम करणाऱ्या कुटुंबवैद्यकांत त्यांचा वाटा २१ टक्के निघाला, असे १९९९ च्या अभ्यासात दिसले. पुढच्या एका अभ्यासात, ११ ते १६ वर्षांनंतरही त्यांपैकी ६८ टक्के त्याच ग्रामीण भागात कुटुंबवैद्यक म्हणून टिकून होते. ग्रामीण भागात कुटुंबवैद्यक म्हणून काम सुरू केलेल्या इतर पदवीधरांत हे प्रमाण ४६ टक्के होते. मुळात इच्छुकच निवडले तर ते टिकणारच, असा आक्षेप कोणी घेईल. तो योग्यच आहे, पण तो प्राधान्याच्या बाजूचाच युक्तिवाद ठरतो.

दर्जाचे काय? जिचीचे विद्यार्थी राष्ट्रीय परवाना परीक्षेत देशातील सर्वाधिक उत्तीर्ण होणाऱ्यांत गणले जातात. ऑस्ट्रेलियातील फ्लिंडर्स विद्यापीठाने १९९७ पासून काही विद्यार्थ्यांना मोठ्या रुग्णालयाऐवजी पूर्ण वर्षभर छोट्या गावांतील दवाखान्यांत शिकवले, आणि परीक्षांत ते शहरातील सहाध्यायांपेक्षा सरस ठरले. कारण समजण्यासारखे आहे : तिथे तोच रुग्ण पुन्हा पुन्हा भेटतो, उपचाराचा परिणाम डोळ्यांसमोर दिसतो आणि विद्यार्थ्याला बघ्याची भूमिका परवडत नाही.

प्राधान्याचीही मर्यादा आहे. गावातून आलेल्या मुलीला राजधानीतल्या मोठ्या रुग्णालयातच घडवले, तर तिलाही शेवटी तिथलेच काम ओळखीचे वाटू लागते. म्हणूनच कॅनडातील उत्तर ओन्टारिओत २००५ साली सुरू झालेल्या वैद्यकीय विद्यालयाने तिसऱ्या वर्षी विद्यार्थ्यांना आठ महिने छोट्या वस्त्यांत राहायला पाठवण्याची पद्धत ठेवली. आणि त्यानंतरही प्रश्न उरतोच : जोडीदाराला नोकरी, मुलांना शाळा आणि मध्यरात्री फोन उचलणारा एखादा वरिष्ठ नसेल, तर मनापासून आलेला डॉक्टरही परततो.