शत्रू हवेत, सोयरे नकोत

मी अद्भुतरम्य कादंबरी लिहायला घेतलीय. ड्रॅगन झाला, जादूगार झाला, उडता गडही झाला. अडलंय ते दोन हाडवैरी देशांपाशी. नकाशावर देश तर काढले, पण ते भांडायलाच तयार नाहीत. त्यात परभणीचा मे महिना, घरघरणारा कूलर आणि समोर आई-बाबा.

आधी मी एक देश चांगला केला, दुसरा दुष्ट. दुष्टांना काळे कपडे दिले. बाबांनी चष्मा कपाळावर सारून नकाशा पाहिला.

"हे कशामुळं भांडायलेत?"

"ते दुष्ट आहेत."

"तेवढ्यावर कोणी भांडत नसतंय. बांध कुठंय?"

बांध नव्हता. त्यांनी माझ्याच पेनानं तो घातला, दुष्ट तो दरवर्षी नांगरताना वीतभर कोरतात असं ठरवलं, आणि बांधावरची बाभूळ कोणाची हा प्रश्न मुद्दाम लोंबकळत ठेवला. मला दोन प्रकरणांत जमलं नव्हतं ते त्या बाभळीनं केलं.

नदी मी नुसती शोभेला काढली होती. बाबांनी वरच्या देशाला धरणंच धरणं दिली, खालच्याला एकच, भलंमोठं. "आता बघ गंमत." जायकवाडीच्या डाव्या कालव्यावरचा माणूस! नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात, १५ ऑक्टोबरला ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असला, तर नगर-नाशिकनं वरून पाणी सोडायचं, हे मेंढेगिरी समितीचं सूत्र त्यांना तोंडपाठ. माझ्या जादूगाराकडं तर त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. "२०१६ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. तुझ्या म्हाताऱ्याला जमंल का?"

वैर असं छान तापत आलं, तोच आईनं विचारलं, "पण ह्यांच्या लेकीबाळी कुठं दिल्यात?"

शत्रूंत सोयरीक नसते, मी ठणकावलं. पण इतिहास नेमका तिच्या बाजूचा. आमच्या पैठणच्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं क्षत्रप, म्हणजे शक राजा, नहपानाला हरवून त्याच्या नाण्यांवर आपला छाप मारला. वैर असावं तर असं! पण पुढं दुसऱ्या घराण्यातल्या रुद्रदामन क्षत्रपाची लेक सातवाहनांच्या घरात आली, असं इतिहासकार मानतात. आणि इसवी सन १५०च्या सुमाराचा त्याचा जुनागढचा शिलालेख म्हणतो की, दक्षिणापथाच्या सातकर्णीला दोनदा हरवलं, पण जवळच्या नात्यामुळं त्याचा उच्छेद केला नाही. हे मी मोठ्यानं वाचायला नको होतं.

"बघ! जावई म्हणून सोडला."

लगेच माझ्या दुष्ट राजाची मुलगी चांगल्या राजाला दिली गेली. तरी मी नेटानं महायुद्ध मांडलं, सैन्य नदीकाठी आणलं. आईनं महिना विचारला. बेसावधपणे मी म्हणालो, "अधिक ज्येष्ठ."

"धोंड्याचा महिना? आणि जावयावर तलवार काढायलाय?"

युद्ध महिनाभर पुढं गेलंय. चांदीचं ताट आणि तेहतीस अनारसे दुष्टांच्या खजिन्यातून निघणार. आई आता विचारायलीय, जावयासोबत सैन्यातले किती जण जेवायला असतील, म्हणजे पुरणाला डाळ किती भिजवायची ते कळंल.