पॅनेलवरची खोळ

जिल्हा परिषदेच्या शाळेत इंटरॅक्टिव्ह पॅनेल, म्हणजे बोटाने चालणारा भिंतीवरचा मोठा स्क्रीन, येतं, नारळ फुटतो, फोटो ग्रुपवर पडतात आणि दोन-तीन महिन्यांत पॅनेलवर खोळ चढते ती चढतेच. मग लोक म्हणायला मोकळे, 'शिक्षकांना तंत्रज्ञान जमत नाही.' धादांत खोटं. यू-डायसवरची शाळेची माहिती, शालार्थवरचं पगाराचं काम, पोषण आहाराची रोजची नोंद, हे सगळं हीच माणसं रेंज शोधत मोबाइलवर भरतात.

आधी भीतीचं बोलू. पॅनेल डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत, चढलेलं असतं. बिघडलं तर वसुली आपल्या पगारातून होईल, असं ज्याला वाटतं तो हात कशाला लावेल? मुख्याध्यापकांनी सगळ्या स्टाफसमोर स्पष्ट सांगावं, की वापरताना झालेला बिघाड शाळा निस्तरेल. वॉरंटीची तारीख आणि सर्व्हिसचा नंबर कपाटात नको, पॅनेलशेजारी भिंतीवर हवा.

दुसरा घोळ प्रशिक्षणाचा. तालुक्याच्या सभागृहात शे-दीडशे शिक्षक, पुढे कोणीतरी भराभर स्लाइड सरकवतंय. शाळेत येऊन लॅपटॉप एचडीएमआय केबलने पॅनेलला जोडला, चित्र दिसलं, पण बोट लावलं तर काही हलेना! एचडीएमआयमधून फक्त चित्र आणि आवाज जातो. बोटाचा स्पर्श लॅपटॉपपर्यंत पोचायला पॅनेलच्या 'टच' लिहिलेल्या पोर्टमधून वेगळी यूएसबी केबल लावावी लागते, आणि ती बहुतेकदा खोक्यातच राहिलेली असते. तसंच, स्क्रीनवर आपोआप टिचक्या पडायला लागल्या तर लगेच व्हायरस म्हणू नका. इन्फ्रारेड पॅनेलच्या कडांमधून किरण जातात. तिथे खडूची धूळ साचली की पॅनेलला ते बोट वाटतं. बंद करून कोरड्या मऊ फडक्याने चारही कडा पुसा. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर पडदा लावा, त्यानेही असंच होतं.

हे सभागृहात कळत नाही, म्हणून मदत वर्गात हवी, त्याच पॅनेलवर. केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, तंत्रस्नेही शिक्षकाला महिन्यातून दोन अर्धे दिवस मोकळं करा. त्याच्या वर्गाची सोय लावून, बरं का. द्विशिक्षकी शाळेतून तो निघणार कसा? त्याला नियम एकच: हात मागे. 'द्या मॅडम, मी करून देतो' म्हटलं की काम पटकन होतं, शिकणं होत नाही आणि सोमवारी पुन्हा फोन येतो.

पहिल्या महिन्यात मोजकंच शिकवा. पॅनेल नीट चालू-बंद करणं. मग पाठ्यपुस्तकातला क्यूआर दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपने स्कॅन करून, धड्याचा व्हिडिओ जिथे रेंज आहे तिथे, आदल्या दिवशीच डाउनलोड करून ठेवणं. पॅनेलवरच दीक्षा असेल तर क्यूआरखालचा सहा अक्षरी कोड टाइप केला तरी चालतं. फोनवरचं दाखवायचं तर फोन आणि पॅनेल एकाच वायफायवर हवेत, अर्ध्या तक्रारी इथल्याच. आणि सगळ्यात महत्त्वाचं, व्हिडिओ मध्येच थांबवून 'आता पुढे काय होईल?' विचारणं. सलग वीस मिनिटं व्हिडिओ लावणं म्हणजे वर्ग सांभाळणं, शिकवणं नव्हे.

केंद्रातले शिक्षक दर महिन्याला जमतात त्या शिक्षण परिषदेतलं एक भाषण कापून 'कुठे अडलं' याला वीस मिनिटं द्या. आणि बिल थकल्यामुळे वीज तोडलेल्या शाळेतल्या शिक्षकाला मात्र यातलं काहीही ऐकवू नका. तिथे आधी बिल भरा.