त्या पांढऱ्या शेवंतीवर गाणं चिकटवू नका

आज सकाळी एका ग्रुपवर कुणीतरी जपान टूरची जाहिरात टाकली. जेमतेम मिनिटभराचा व्हिडिओ. तिथल्या नागाओका गावचे फटाके आहेत हे मी बघताक्षणी ओळखलं, शिनानो नदीवरचा तो लांब पूल दिसला ना. मूळ आवाज पुसून टाकलेला, त्यावर डीजेचं गाणं आणि खाली नाचरी अक्षरं, 'फुल धमाल नाइट'. एवढंच असतं तर अंगठ्याने वर सरकवून मोकळी झाले असते. पण सुरुवातीचे तीन फटाके पांढरे होते आणि नेमक्या त्या तिघांवर गाण्याचा ठेका बसवला होता. माझा चहा तसाच राहिला.

ते तीन पांढरे काय आहेत हे मला २०१९ मध्ये नदीकाठच्या गवतावर बसलेल्या एका आजींनी सांगितलं. सांगितलं म्हणजे त्यांच्या नातीने मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. आजी नुसत्या माझ्याकडे बघत होत्या.

झालं असं. भाचा तोक्योत निशी-कासाईला राहतो, तिथे आपली बरीच मंडळी आहेत. तो म्हणाला, "मावशी, एडोगावाचे फटाके आमच्या दारातच असतात, तू कशाला एवढ्या लांब जातेस?" मी हट्टाने नागाओकाच धरलं. २ ऑगस्टला दुपारी शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने पोचलो, उन्हात चटई अंथरून जागा धरली. तेव्हा फुकट बसता यायचं, आता तिकीट लागतं. बाजूला या आजी. अंगात निळ्या ठिपक्यांचा युकाता, म्हणजे उन्हाळ्यातला सुती किमोनो, हातात कागदी पंखा. थोड्या वेळाने त्यांनी आमच्यापुढे डबा सरकवला. मीठ घालून उकडलेल्या सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा, अजून कोमट. आपण भुईमुगाच्या ओल्या शेंगा उकडतो ना, तश्शाच सोलून तोंडात टाकायच्या. फोलपटं टाकायला त्यांनी घरून वेगळी पिशवी आणली होती.

अंधार पडला. नदीपलीकडून एक पांढरी रेघ वर गेली आणि फुटली. रंग नाही, चमचम नाही, नुसतं मोठं पांढरं फूल, सावकाश खाली विरघळत गेलेलं. आणि मी टाळ्या वाजवल्या. जोरात! जत्रेतलं शोभेचं दारूकाम बघत वाढलेली मी, पहिल्या फटाक्याला टाळी हातातून आपसूक निघते. मग लक्षात आलं की आसपास कुणीच बोलत नाहीये. आजींनी हात जोडले होते, डोळे मिटलेले. नवऱ्याने माझं मनगट धरलं.

त्या फटाक्याचं नाव शिरागिकु, म्हणजे पांढरी शेवंती. १ ऑगस्ट १९४५ ला रात्री साडेदहा वाजता अमेरिकेची बी-२९ बॉम्बफेकी विमानं या गावावर आली. जेमतेम पावणेदोन तासांत शहराचा बहुतेक भाग जळाला, १,४८८ माणसं गेली. युद्ध संपायला दोन आठवडे उरले होते. दोन आठवडे! पुढच्याच वर्षी राखेतल्या त्या गावाने पुन्हा उभं राहण्याचा उत्सव सुरू केला आणि १९४७ पासून फटाके परत आले. म्हणून हे फटाके दर वर्षी २ आणि ३ तारखेलाच असतात, वार कुठलाही असो. १ तारीख गेलेल्यांची. त्या संध्याकाळी काकीगावा नदीत दिवे सोडतात आणि बरोबर साडेदहाला पांढरी शेवंती उडते.

आता त्या जाहिरातीतला कार्यक्रम वाचा. १ ऑगस्ट : तोक्योत मोकळा दिवस, शॉपिंग. २ ऑगस्ट : धमाल नाइट. अरे, तुम्ही माणसं तिथवर नेता, पैसे घेता, मग बसमध्ये दोन वाक्यं सांगायला तुमचं काय जातं? मलाही जाण्याआधी कुणी सांगितलं नव्हतं, पण मी कुणाकडून पैसे घेऊन लोकांना नेत नव्हते. मान्य, आठ दिवसांच्या टूरमध्ये इतिहासाचा तास कुणी घेणार नाही. दोन वाक्यं म्हणतेय मी, दोन.

आणि ग्रुपवर लगेच एकाचं उत्तर, "फटाके काय, दिवाळीत गच्चीवरून दिसतात की!" नाही दिसत. आपण साखळी बॉम्ब लावून कान बंद करून पळतो, ते वेगळं. जपानीत फटाक्यांना हानाबी म्हणतात, त्या शब्दातच हाना म्हणजे फूल आणि बी म्हणजे आग. प्रत्येक फूल पूर्ण उमलून विझेपर्यंत माणसं बघत राहतात, मग लांबलचक 'ओऽऽ' निघतो. नागाओकाचा सानशाकुदामा तर ९० सेंटीमीटर व्यासाचा गोळा, वजन ३०० किलो. ६०० मीटर वर जाऊन फुटतो. उजेड आधी येतो, आवाज दोनेक सेकंदांनी, आणि तो कानाला नाही, बरगड्यांना लागतो. तो उडवण्याआधी भोंगा वाजतो. भोंगा वाजला तेव्हा आजींचा पंखा थांबला. नात हळूच म्हणाली, बॉम्ब पडले त्या रात्री आजी सहा वर्षांची होती.

हा आवाज पुसून तुम्ही त्यावर गाणं घातलंत.

थांबते जरा, फार चिडून लिहितेय. तिथे कुणी रडत बसत नाही, हेही खरं. पोरं बर्फाचा गोळा खात जिभा लाल-निळ्या करून हिंडतात, पुरुष थंडगार बिअर पितात, नव्या जोड्या युकाता घालून मिरवतात. आजीसुद्धा नंतर खळखळून हसत होत्या, फिनिक्स नावाच्या फटाक्यांच्या वेळी तर माझा हात धरून. २३ ऑक्टोबर २००४ ला या भागात भूकंप झाला होता. आम्ही ज्या मार्गाने आलो त्याच मार्गावर तेव्हा धावती शिंकान्सेन रुळांवरून घसरली होती, सुदैवाने त्या गाडीतलं कुणी दगावलं नाही. पुढच्या वर्षी लोकांनी उभारीसाठी फिनिक्स उडवायला सुरुवात केली. नदीकाठाने जवळजवळ दोन किलोमीटर एकाच वेळी सोनेरी होतं, मान वळवून वळवूनही नजरेत मावत नाही. तेव्हा मजा करा, जरूर करा. फक्त कशाची मजा आणि कशाला हात जोडायचे, एवढं माहीत असू दे.

ती पांढरी शेवंती करणारे कारागीर सेइजी कासे स्वतः सैबेरियात युद्धकैदी होते. १९९० मध्ये त्यांनी ती रशियात, आमूर नदीवर, परत न आलेल्या सोबत्यांसाठी उडवली. २०१५ च्या १५ ऑगस्टला तीच शेवंती अमेरिकेच्या पर्ल हार्बर बंदरावर उमलली. त्याच बंदरावरचा जपानचा युद्धातला हल्ला आखणारे अ‍ॅडमिरल यामामोतो याच नागाओकाचे, हे ध्यानात घ्या आणि मग त्या फुलाकडे बघा.

खर्च होतो, गर्दी अंगावर येते, परतीच्या गाडीसाठी स्टेशनबाहेर लांबच लांब रांग असते. सगळं कबूल. पण शेवटचा फटाका विझल्यावर कुणी उठलं नाही. हजारो लोकांनी मोबाइलचे टॉर्च लावून नदीपलीकडे हलवायला सुरुवात केली. पलीकडच्या काळोखातून उत्तरादाखल लाल दिवे हलू लागले. तिथे दारूकाम करणारे कारागीर होते, दिवसभर उन्हात राबलेले, आम्हाला एरवी कधीच न दिसणारे. आजींकडे मोबाइल नव्हता, मी माझा त्यांच्या हातात दिला. खूप वेळ हलवत होत्या.

जाताना मी टाळ्यांबद्दल माफी मागितली. नातीने विचारून सांगितलं, "ती म्हणते, आईला आवडल्या असतील." एवढंच बोलून त्या फोलपटांच्या पिशवीला गाठ मारायला लागल्या.

जपानचे रात्रीचे साडेदहा म्हणजे आपले संध्याकाळचे सात. तेव्हापासून दर १ ऑगस्टला दिवेलागणीला देवापाशी दिवा लावताना मी घड्याळ बघते.

जाहिरात करणाऱ्यांना मी सकाळीच मेसेज केलाय. मूळ आवाजाचा व्हिडिओ असेल तर तो टाका, मी स्वतः चार ग्रुपवर पाठवीन. अजून उत्तर आलेलं नाही.