प्रतिक्रियेला उत्तर: फोडणी, अस्वल आणि छताची डबी

नमस्कार काका,

आरव्हीतल्या (झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीतल्या) मुक्कामात घ्यायच्या काळजीवर मी लेख लिहिला, त्याखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. एकदा रागाने, एकदा चहा झाल्यावर. हे उत्तर चहानंतरचं आहे.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. काका 1987 साली अमेरिकेत आले आणि 2009 पासून त्यांचा स्वतःचा ट्रेलर आहे. त्यांचं म्हणणं असं, की मी नव्या लोकांना उगाच घाबरवते. आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर, घरात कोणी एवढं भीत भीत राहतं का? ‘फोडणी बाहेर द्या’ म्हणजे आपल्या स्वयंपाकाची लाज वाटण्याचा प्रकार. शिवाय दोनच ओळींनंतर मी अस्वलांमुळे बाहेर वास नको म्हणते, तेव्हा ‘बाईंनी एकदा काय ते ठरवावं’. नदीकाठी उतरायचं नाही तर मग काय पार्किंगमध्ये बसायचं? खरा धोका माणसांचा, त्यावर लेखात अवाक्षर नाही. आणि एक चूकही त्यांनी दाखवली.

आधी चूक. प्रोपेनचा, म्हणजे आरव्हीतल्या शेगडीच्या गॅसचा, गळती सांगणारा डिटेक्टर छताजवळ असतो असं मी लिहिलं होतं, ते साफ चुकलं. प्रोपेन हवेच्या दीडपट जड. गळला की खाली बसतो, म्हणून त्याची डबी जमिनीलगत, बहुतेक गाड्यांत ओट्याच्या किंवा बाकाच्या पायाशी असते. छताला असते ती धुराची. आमची आजी सिलिंडर बदलला की कमरेत वाकून वास घ्यायची. तिला कळलेलं मला लिहिताना कळू नये! लेख दुरुस्त केलाय, तुमचे आभार मानून.

आता फोडणी आणि अस्वल. इथे तुम्ही मला बरोबर पकडलंत. दोन वेगळ्या ठिकाणांचे सल्ले मी एकाच दमात लिहिले. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या फिशिंग ब्रिजच्या आरव्ही पार्कात तंबू किंवा कापडी भिंतींची गाडी चालतच नाही, फक्त टणक भिंतींची. कारण तो ग्रिझली अस्वलांचा इलाका. तिथे मी स्वयंपाक आतच करते आणि फोडणी करतच नाही. घरून निघतानाच मोहरी, जिरं, हिंग, मिरची घालून तेल कढवायचं, गार झालं की बरणीत भरायचं आणि तिथे वरणावर चमचाभर ओतायचं. ताजी चुरचुरीत फोडणी नव्हे, कबूल, पण थंडीत गरम वरण-भात पुढ्यात आला की कोणी तक्रार करत नाही. ग्रिझलींचा प्रश्न नाही अशा ठिकाणी बाहेरच्या टेबलावर शेगडी मांडा, खुशाल खमंग फोडणी द्या. मात्र जेवण झाल्याबरोबर कढई, कचरा, तेलकट कागद, सगळं आत. यात लाज कुठे आली?

फोडणी बाहेर द्या म्हणण्यामागचं खरं कारण लाजेचं नाहीच. ते मी मूळ लेखात लिहिलं नव्हतं, कारण त्यात माझी शोभा होती. तुम्ही ‘चाकांवरचं घर’ म्हणालात म्हणून लिहिते.

ऑक्टोबर महिना, युटामधलं ब्राइस कॅन्यन राष्ट्रीय उद्यान. उंची 8000 फुटांच्या आसपास, रात्री पारा शून्याखाली. भाड्याची आरव्ही, आत नवरा, सात वर्षांचा मुलगा, साताऱ्याहून आलेल्या सासूबाई आणि मी. उद्यानातल्या कॅम्पग्राउंडला हुकअप (गाडीला वीज-पाणी जोडायची सोय) नाही, रात्री जनरेटर लावायला बंदी. संध्याकाळी मी लसणीची फोडणी केली, लाल मिरची तडतडली, सगळ्यांना ठसका लागला आणि छताचा अलार्म असा काही बोंबलायला लागला की पोराने कान दाबून घेतले. टॉवेलने वारा घालून झाला, तरी थांबेना. शेवटी बाकावर चढून मीच त्याची बॅटरी काढली आणि चमच्यांच्या खणात टाकली. म्हटलं, जेवण झाल्यावर लावू. त्या गाडीत धूर आणि कार्बन मोनॉक्साइड (गॅस नीट न जळल्यावर होणारा विषारी वायू) दोन्हींची एकच डबी होती, हे तेव्हा माझ्या गावीही नव्हतं.

रात्री कधीतरी हीटरचा पंखा रडत रडत बंद पडला. हीटर प्रोपेनवर चालला तरी त्याचा पंखा गाडीच्या बॅटरीवर चालतो, आणि ती उतरली होती. सासूबाई कुडकुडत होत्या. मग आपली हुशारी: शेगडीचे दोन बर्नर पेटवले, खिडक्या गच्च लावल्या. गाडीचा हीटर आपला धूर बाहेर सोडतो, शेगडीचं सगळं आतच राहतं, हा साधा फरक दोन इंजिनियर असलेल्या घरात कोणाला सुचला नाही. अर्ध्या तासात काचांवरून पाण्याचे ओघळ सुरू झाले. गॅस जळला की वाफ होतेच. आम्हाला वाटलं, वा, छान ऊब आली.

दोनच्या सुमाराला सासूबाई उठून बसल्या. डोकं जड झालंय, मळमळतंय. आम्ही म्हटलं उंची लागली असेल, दिवसभराच्या वळणांनी गाडी लागली असेल. मी कपाळाला बाम चोळला आणि आल्याचा चहा करायला तिसरा बर्नर पेटवला! तिसरा, काका. चहा होईतो माझंही डोकं ठणकायला लागलं. पोराला हलवलं तर तो नेहमीपेक्षा जड झोपेत. तेव्हा नवऱ्याने शेगडी बंद केली, दार सताड उघडलं आणि सगळ्यांना पांघरुणांसकट बाहेर काढलं. बाहेर दहा-पंधरा मिनिटं बसल्यावर सासूबाई म्हणाल्या, ‘आता बरं वाटतंय गं.’ उंची लागली असती तर दाराबाहेर चार पावलं टाकून बरं वाटलं नसतं.

तेव्हाच 911 ला फोन करायला हवा होता. केला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरकडे गेलो. मोकळ्या हवेत साधारण चार-पाच तासांत हा वायू रक्तात निम्म्यावर येतो, त्यामुळे तोवर काय सापडणार? तो कार्बन मोनॉक्साइडच होता हे मी शपथेवर सांगू शकत नाही. सांगू शकणारी डबी माझ्याच कृपेने मुकी झाली होती.

म्हणून मला ‘चाकांवरचं घर’ हा शब्दच नको वाटतो. घरात शेगडी आणि उशी यांच्यामध्ये दोन भिंती असतात. आरव्हीत झोपल्या झोपल्या हात लांबवला तर कढईला लागतो. या वायूला ना रंग, ना वास, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो. शेजाऱ्याच्या जनरेटरमधूनही तो आपल्या उघड्या खिडकीतून येऊ शकतो. फोडणीने अलार्म बोंबलला तर बहुतेक डब्यांवर त्याला थोडा वेळ गप्प करायचं बटण असतं, ते दाबा. बॅटरी काढू नका, वर शॉवर कॅपही चढवू नका (हा सल्ला आपल्याच एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाचलाय). आवाज ओळखायला शिका: तीन-तीन वेळा वाजून थांबला तर धूर, चार-चार वेळा वाजला तर कार्बन मोनॉक्साइड, मिनिटभराने एकदाच ‘टुक्’ झालं तर बॅटरी संपत आली किंवा डबी म्हातारी झाली.

नदीकाठाबद्दल मात्र मी एक इंचही मागे हटणार नाही. 11 जून 2010 च्या पहाटे अर्कान्सामध्ये अल्बर्ट पाइक कॅम्पग्राउंडवर लिटल मिसुरी नदीचा लोंढा आला आणि 20 माणसं गेली. 4 जुलै 2025 ला टेक्सासमध्ये ग्वाडालूप नदी पाऊण तासात सुमारे 26 फूट चढली. काठच्या आरव्ही पार्कांतल्या गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. दोन्ही वेळा लोक झोपेत होते. उतरा नदीकाठी, मीही उतरते, पण पाऊस सांगितला असेल त्या रात्री नाही. गाडीचं तोंड बाहेरच्या रस्त्याकडे करून लावा आणि चढावर पळायची वाट उजेड असतानाच पायाखालून घाला. फोनला रेंज नसेल तिथे इशाराही पोचत नाही. हवामान खात्याच्या इशाऱ्यांचा छोटा रेडिओ मिळतो, तो उशाशी ठेवा.

माणसांच्या धोक्याबद्दल: खरंय, लिहायला हवं होतं. माझा अनुभव तोकडा आहे म्हणून एवढंच सांगते. कितीतरी आरव्हींच्या बाहेरच्या सामानाच्या कप्प्यांना एकच किल्ली चालते, तिच्यावर ‘सीएच 751’ असं कोरलेलं असतं. तुमच्या किल्लीने माझा कप्पा उघडेल! तेव्हा त्या कप्प्यात पासपोर्ट नको. आणि दुकानाच्या पार्किंगमध्ये रात्र काढायची तर आत जाऊन विचारा. जागा नकोशी वाटली तर निघा, कारण शोधत बसू नका.

राहिलं तुमचं शेवटचं वाक्य: ‘आमच्या ट्रेलरचा अलार्म 2009 पासून एकदाही वाजलेला नाही, यावरून काय ते समजा.’ काका, मला जे समजलं ते तुम्हाला आवडणार नाही. कार्बन मोनॉक्साइडच्या सेन्सरचं आयुष्य साधारण पाच ते सात वर्षं, नव्या काही मॉडेलांत दहा. चाचणीचं बटण दाबल्यावर येणारा आवाज भोंगा चालू असल्याचा पुरावा. आतला सेन्सर मेला असला तरी भोंगा वाजू शकतो. ट्रेलर तुमच्या ड्राइव्ह-वेमध्येच उभा आहे असं तुम्ही लिहिलंय. आज संध्याकाळी जाऊन ती डबी काढा, उलटी करा, आणि मागे छापलेली तारीख मला इथेच खाली कळवा. जाताय तसं टायरही बघा; कडेला ‘डॉट’ (DOT) या अक्षरांनंतरच्या लांब नंबरातले शेवटचे चार आकडे म्हणजे टायर बनल्याचा आठवडा आणि साल, 2319 असतील तर 2019 सालचा 23वा आठवडा.