बेस्टसेलर लेखक व्हायचंय? आधी वकिली थाटा

जॉन ग्रिशम या अमेरिकन लेखकासारख्या कोर्टकचेरीच्या थरारक कादंबऱ्या लिहून नाव आणि पैसा कमवायचा असेल तर कृपा करून लगेच लिहायला बसू नका. आधी त्याच्यासारखंच बेसबॉलपटू व्हायचं स्वप्न बघा आणि ते मोडू द्या, मग अकाउंटिंगची डिग्री घ्या (ताळेबंद वाचत बसलेल्या माणसाला पुढे कशाचाच कंटाळा येत नाही), मग कायद्याची, आणि अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात साउथहेवन नावाच्या गावात ऑफिस टाका. हात रिकामे वाटले तर १९८३ ला निवडणूक जिंकून तिथले आमदारही व्हा.

आता 'विषय'. तो सुचत नसतो हो, समोर येतो. १९८४ मध्ये जवळच्याच हर्नांडो गावच्या कोर्टात बसलेले असताना बलात्कार झालेल्या बारा वर्षांच्या पोरीची साक्ष ऐका, आणि तिच्या बापानेच त्या नराधमांना गोळ्या घातल्या असत्या तर, हा प्रश्न डोक्यातून जाईना की मग उद्यापासून पहाटे पाचला उठा. वकिली, आमदारकी, संसार सगळं तसंच चालू ठेवून तीन वर्षं लिहा. प्रेरणेची वाट बघणाऱ्यांनी खुशाल आठ वाजेपर्यंत झोपावं.

पुस्तक झालं की प्रकाशकांचे नकार गोळा करा, भरपूर मिळतात. शेवटी एक छोटा प्रकाशक १९८९ ला 'अ टाइम टू किल'च्या ५,००० प्रती छापेल, त्यातल्या हजार तुम्हीच विकत घ्या, गाडीच्या डिकीत कोंबा आणि गावोगाव विकत फिरा. वकीलसाहेब डिकी उघडून कादंबरी दाखवतायत, समोरचा मागचं पान वाचल्यासारखं करून परत देतोय. लाज वाटत असेल तर हा धंदा तुमचा नाही.

दुसरी कादंबरी मात्र सोप्पी. 'द फर्म' प्रकाशकाने घ्यायच्या आधीच पॅरामाउंट या हॉलिवूडच्या कंपनीने सिनेमाचे हक्क ६ लाख डॉलरला घेतले, तुम्हीही तसंच करा, एवढंच तर आहे. मग ऑफिस बंद करा.

अर्थात वकिली सुटत नाही. १९९६ मध्ये दोन डब्यांमध्ये चिरडून मेलेल्या एका रेल्वे कामगाराच्या घरच्यांसाठी ग्रिशम, आधी शब्द दिला होता म्हणून, पुन्हा कोर्टात उभा राहिला आणि ६,८३,५०० डॉलरची भरपाई मिळवून दिली. त्याच्या वकिलीतला सगळ्यात मोठा निकाल. कुटुंबाला मिळालेली रक्कम हां ती, आणि त्या पहिल्या सिनेमाच्या चेकपेक्षा जेमतेम ८३,५०० जास्त.